नळीतले रक्त

दूध नासू नये म्हणून आपण ते फ्रीजमध्ये ठेवतो. रक्ताच्या नमुन्यालाही तोच न्याय लावावा, असे कोणालाही वाटेल. पोटॅशियमच्या तपासणीत नेमके हेच शहाणपण अंगाशी येते. ते का येते हे ज्याला उमगले, तो या शास्त्राच्या उंबरठ्याच्या आत आला असे मी खुशाल मानतो.

शिरेतून बाहेर आले म्हणून रक्त थांबत नाही. नळीतही तांबड्या पेशी साखर खात राहतात आणि त्या बळावर त्यांच्या आवरणातले पंप पोटॅशियम आत ओढतात, सोडियम बाहेर काढतात. बाहेरच्या द्रवात लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल पोटॅशियम, पेशीच्या आत त्याच्या वीसपटींहून जास्त. ही तफावत सांभाळणारे पंप ४ अंशांच्या गारठ्यात मंदावतात आणि पोटॅशियम बाहेर झिरपू लागते. सीरम वेगळे न करता रात्रभर फ्रीजमध्ये राहिलेली नळी सकाळी धडधाकट माणसाला अतिदक्षता विभागाच्या दारात नेऊन उभे करू शकते. पेशी फुटल्या तर निदान सीरम लालसर दिसते, टेक्निशियन सावध होतो. इथे रंगही चुगली करत नाही. म्हणून दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज, फ्रीज त्यानंतर.

जांभळ्या टोपणाच्या नळीतले रक्त साध्या नळीत ओतले तर पोटॅशियम चढते आणि कॅल्शियम कोसळते, कारण तिथल्या ईडीटीएच्या क्षारातच पोटॅशियम असते, आणि कॅल्शियमला तो धरून ठेवतो. असा जोडीचा आकडा दिसला की मुरलेला माणूस रुग्णाआधी नळीची चौकशी करतो.

जस्त, क्रोमियम यांच्या बाबतीत भेसळ बाहेरून येते. साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त उतरते, पोलादी सुईतून क्रोमियम. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात सीरममधल्या क्रोमियमची ‘नॉर्मल’ पातळी शेकडो पटींनी खाली आली. माणसांचे रक्त होते तसेच होते. सुया, नळ्या आणि प्रयोगशाळेतली हवा तेवढी स्वच्छ होत गेली. मला तरी हा या शाखेच्या इतिहासातला सर्वांत मजेदार भाग वाटतो.

यंत्रांकडे आपण पुढे वळूच. पहिले प्रकरण मात्र ‘मूठ उघडा, मिटा’ या रोजच्या सूचनेपासून सुरू होते. पट्टा बांधलेल्या हाताची ती उघडझाप पोटॅशियम एखाद्या मिलिमोलने वाढवू शकते, आणि तोवर सुई टोचलेलीही नसते.