सेवा आणि स्वावलंबन : काशीच्या पायऱ्यांवरील शुश्रूषेचे कौशल्य

वाराणसीतील भोसले घाट नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधला. मणिकर्णिकेच्या उत्तरेस असलेल्या या घाटावर भक्कम दगडी वाडा, लक्ष्मीनारायणाचे मंदिर आणि गंगेपर्यंत उतरत जाणाऱ्या उंच पायऱ्या आहेत. उत्तरायुष्य काशीत व्यतीत करावे, या इच्छेने महाराष्ट्रातून येणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. मात्र पक्षाघाताचा झटका आला किंवा खुब्याचे हाड मोडले, की घरासमोर वाहणारी गंगाही वृद्धांना दूर होते. अशा व्यक्तीला पुन्हा त्या पायऱ्यांपर्यंत नेण्यात वैद्यकीय उपचारांइतकाच वाटा तिच्याजवळ दिवसभर असणाऱ्या परिचराचा असतो.

रुग्णाकडे शिल्लक असलेली क्षमता टिकवणे, शक्य तेथे गमावलेली क्षमता परत मिळवून देणे आणि दैनंदिन व्यवहारात त्याला स्वावलंबी करणे, हे या शुश्रूषेचे उद्दिष्ट होय. इंग्रजीत ती ‘रिस्टोरेटिव्ह केअर’ म्हणून ओळखली जाते. मराठीत तिला पुनःस्थापक शुश्रूषा म्हणता येईल. फिजिओथेरपिस्ट दिवसातील थोडा वेळ व्यायाम करवून घेतात. त्यातून आलेली हालचाल आंघोळ, जेवण आणि कपडे यांसारख्या रोजच्या कामांत उतरवणे ही परिचराची जबाबदारी ठरते.

या विचाराला मोठा इतिहास आहे. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांनी १९३५ पासून, बरे होणार नाहीत असे मानून अंथरुणावर ठेवलेल्या वृद्धांची नव्याने तपासणी सुरू केली. योग्य उपचार आणि हालचाल मिळाल्यावर त्यांपैकी अनेक जण उठून बसू व चालू लागले. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानुसार शुश्रूषागृहांतील सहाय्यकांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण बंधनकारक झाले. रहिवाशांची क्षमता टाळता येण्याजोग्या कारणांनी घटू नये, ही जबाबदारीही त्या कायद्याने संस्थांवर टाकली.

करून देणे आणि करू देणे

आपल्याकडे आजारी वृद्धाचे सर्व काही स्वतः करून देणे म्हणजे उत्तम सेवा, अशी समजूत आहे. रुग्ण धडपडत घास घेत असताना परिचर शेजारी बसून राहिला, तर तो कामचुकार आहे, असे नातेवाइकांना वाटते. वस्तुतः जे काम रुग्ण स्वतः करू शकतो, ते त्याच्यासाठी केल्यास ती हालचाल हळूहळू नाहीशी होते. अंथरुणावर पडून राहिल्याने पायांचे बळ काही दिवसांतच घटू लागते आणि न हलवलेले सांधे आखडतात. सदऱ्याच्या गुंड्या लावण्यास रुग्णाला पंधरा मिनिटे लागत असतील, तर ती पंधरा मिनिटे थांबणे हाच उपचाराचा भाग होय.

म्हणून मदतीचा क्रम ठरलेला असतो. प्रथम शब्दांनी सूचना द्यावी, नंतर खुणेने दाखवावे, मग हाताला हलका आधार द्यावा आणि यांपैकी काहीच पुरेसे न ठरल्यास काम करून द्यावे.

आवश्यक कौशल्ये

सांध्यांची हालचाल करताना सांध्याच्या वर व खाली आधार देऊन अवयव सावकाश हलवावा लागतो. वेदना होताच थांबावे लागते. शरीराची एक बाजू दुर्बळ असल्यास कपडे घालताना आधी दुर्बळ हात बाहीत घालावा आणि काढताना आधी सशक्त हात मोकळा करावा. सदरा असो वा पोलके, नियम तोच.

पलंगावरून खुर्चीत बसवताना खुर्ची सशक्त बाजूला ठेवावी. चाकांची खुर्ची असल्यास ब्रेक लावलेला असावा. कमरेला बांधलेल्या पट्ट्याने आधार द्यावा. लुळा हात धरून ओढल्यास खांद्याला इजा होते. जेवताना रुग्णाला ताठ बसवून लहान घास द्यावेत आणि त्यानंतर सुमारे अर्धा तास आडवे करू नये. स्वतः कूस बदलू न शकणाऱ्याची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी. टाचा व माकडहाडाजवळची त्वचा लाल दिसल्यास त्वरित परिचारिकेला कळवावे.

पायऱ्यांचे तंत्र

चालताना काठी सशक्त हातात असावी आणि परिचराने दुर्बळ बाजूला, किंचित मागे राहावे. पायरी चढताना आधी सशक्त पाय वर ठेवावा, मग काठी व दुर्बळ पाय न्यावा. उतरताना आधी काठी व दुर्बळ पाय खाली ठेवावा, नंतर सशक्त पाय आणावा. दोन्ही वेळी परिचर रुग्णाच्या खालच्या बाजूस उभा असतो, जेणेकरून तोल गेल्यास सावरता येईल.

घाटावर हे तंत्र पुरेसे नाही. तेथील पायऱ्या रुग्णालयातील जिन्यासारख्या समान उंचीच्या नसतात आणि अनेक ठिकाणी धरायला कठडा नसतो. पावसाळ्यात खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि पूर ओसरल्यावर त्यांवर निसरडा गाळ उरतो. त्यामुळे फिजिओथेरपिस्टच्या संमतीविना तेथे सराव करू नये. घरातील एक पायरी, मग चार पायऱ्यांचा जिना, त्यानंतर घाटाची वरची कोरडी पायरी, असे टप्पे ठरवता येतात. काहींच्या बाबतीत वरच्या पायरीवर बसून, तांब्यातून आणलेल्या गंगाजलाने स्वतःच्या हाताने अर्घ्य देणे हेच वास्तव उद्दिष्ट असते. ‘रोज वीस पावले चाला’ या सूचनेपेक्षा असे उद्दिष्ट रुग्णाला अधिक उमेद देते.

छातीत दुखणे, चक्कर किंवा धाप लागल्यास सराव तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. रुग्णाने कोणते काम किती मदतीने केले, याची दररोज नोंद ठेवावी. ठरलेल्या योजनेत परिचराने स्वतः बदल करू नये.

भारतातील व्यवस्था

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती. केंद्र सरकारने २०१०-११ मध्ये वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याअंतर्गत निवडलेल्या पहिल्या आठ प्रादेशिक वृद्धचिकित्सा केंद्रांत वाराणसीचे काशी हिंदू विश्वविद्यालय आणि मुंबईचे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही संस्थांचा समावेश होता. कौशल्यविकास योजनांतून ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ आणि ‘होम हेल्थ एड’ या कामांचे अभ्यासक्रमही आखण्यात आले.

तरीही घरोघरी काम करणाऱ्या अनेक आया व परिचर अनुभवातूनच शिकतात. त्यांना उचलण्याचे, पुसण्याचे आणि भरवण्याचे काम सांगितले जाते. थांबण्याचे कौशल्य क्वचितच शिकवले जाते. परिचर शेजारी स्वस्थ बसलेला दिसला, तरी त्या वेळी रुग्णाचा हात स्वतःच्या तोंडापर्यंत पोहोचत असेल, तर सेवा सुरूच आहे, हे कुटुंबीयांनीही जाणून घेणे आवश्यक आहे.