मांडीवरून आसनाकडे : मोटारगाडीतील बालसुरक्षेचा इतिहास आणि भिवंडी

प्रस्तावना

वाहतुकीचा इतिहास लिहिताना रस्ते, पूल, इंजिने आणि कारखाने यांची नोंद तपशिलाने घेतली जाते. प्रवाशाच्या शरीराचा विचार त्या मानाने कमी होतो, आणि प्रवासी जेव्हा तान्हे मूल असते तेव्हा तो जवळजवळ होतच नाही. याचे कारण असे की, तान्हे मूल दीर्घकाळ स्वतंत्र प्रवासी मानले गेले नाही. बैलगाडीत, एस.टी.त, रेल्वेत अथवा मोटारीत ते आईच्या मांडीवर बसले आणि मांडी हेच त्याचे आसन ठरले. मोटारीतील बालआसनाचा, म्हणजे ज्यास सामान्यतः 'कार सीट' म्हणतात त्या वस्तूचा, इतिहास हा मुलाला मांडीवरून उचलून त्याच्या स्वतःच्या जागी बसविण्याचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचे प्रमुख टप्पे, भारतातील कायद्याची वाटचाल आणि भिवंडीसारख्या औद्योगिक शहरात हे स्थित्यंतर कोठवर आले आहे, यांचा विचार केला आहे.

मांडी : एक विश्वास आणि त्याची मर्यादा

आईची मांडी ही सर्वांत सुरक्षित जागा, हा समज केवळ भावनिक नाही. बैलगाडीच्या वेगाला तो अनुभवानेही खरा ठरत होता. धक्का बसला तर आईचे हात बाळाला सावरू शकत होते. मोटारीने वेग बदलला, तरी समज बदलला नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एखाद्या अडथळ्यावर आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलो वजनाच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. कोणत्याही आईच्या हातांत ते असू शकत नाही. या वेगाची धडक म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून खाली पडणे होय. शहरातील 'हळू' समजला जाणारा ताशी ३० किलोमीटरचा वेगही साडेतीन मीटर उंचीवरून पडण्याच्या बरोबरीचा असतो. याखेरीज, आईने स्वतः पट्टा लावलेला नसेल तर तिच्या शरीराचा भार पुढच्या आसनाच्या आणि तिच्या मधोमध असलेल्या बाळावर येतो. येथे मायेत काही उणे नसते. उणे असते ते हातांचे बळ, आणि ही गोष्ट समाजाने मान्य करण्यास अर्धे शतक लागले.

'दिसण्यासाठी' खुर्ची, 'वाचण्यासाठी' आसन

मोटारीतील मुलांची पहिली आसने सुरक्षिततेसाठी नव्हतीच. १९३३ साली अमेरिकेतील बनी बेअर कंपनीने तयार केलेल्या आसनाचा हेतू मूल उंचावर बसावे व चालकाला दिसावे एवढाच होता. मूल गाडीत इकडेतिकडे फिरू नये, ही पालकांची सोय त्यात पाहिली गेली. अपघाताचा विचार केंद्रस्थानी आला तो १९६० च्या दशकात. १९५९ साली व्होल्व्हो कंपनीतील अभियंता निल्स बोहलिन यांनी तीन ठिकाणी जखडणारा पट्टा विकसित केला आणि प्रवाशाला गाडीशी बांधून ठेवणे हे सुरक्षेचे मूलतत्त्व म्हणून पुढे आले. १९६२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी व अमेरिकेत लेनर्ड रिव्हकिन यांनी मुलांना बांधून ठेवणाऱ्या आसनांची रचना केली.

या काळातील सर्वांत मूलगामी कल्पना स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांची होय. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर टेकून बसतात व त्यामुळे बळ संपूर्ण पाठीवर विभागले जाते, या निरीक्षणावरून त्यांनी गाडीच्या मागील बाजूस तोंड असलेले बालआसन सुचविले. त्याच्या नमुन्याची चाचणी १९६४ साली झाली. या कल्पनेचा पाया शरीररचनेत आहे. जन्मतः बाळाच्या शरीराच्या लांबीचा सुमारे चौथा भाग डोक्याचा असतो आणि मानेचे मणके पूर्णपणे हाड बनलेले नसतात. समोर तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्याने थांबते, पण जड डोके पुढे फेकले जाते व सारा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोके, मान आणि पाठ एकत्रितपणे आसनात विसावतात.

टेनेसीचा कायदा आणि 'हातातील बाळा'ची सवलत

आसन तयार झाले म्हणून ते वापरले गेले, असे झाले नाही. अमेरिकेत १९७१ साली बालआसनांसाठी पहिले संघराज्यीय मानक लागू झाले, मात्र त्यात प्रत्यक्ष धडक-चाचणीची अट नव्हती. वापराची सक्ती करणारा पहिला कायदा टेनेसी राज्याने १९७७ साली संमत केला व तो १ जानेवारी १९७८ पासून अमलात आला. त्यामागे डॉ. रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञाचे अथक प्रयत्न होते.

या कायद्यातील एक सवलत इतिहासाच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. वडीलधाऱ्या व्यक्तीने मूल हातात धरले असेल तर आसनाची सक्ती राहणार नाही, अशी तरतूद त्यात घालण्यात आली होती. म्हणजे ज्या समजाविरुद्ध कायदा केला, तोच समज कायद्यात मागील दाराने शिरला. मूल चिरडणारी तरतूद, या अर्थाच्या नावाने तिच्यावर टीका झाली व १९८१ साली ती रद्द झाली. त्याच वर्षी अमेरिकी मानकात धडक-चाचणी आली आणि युरोपात संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आयोगाचा ४४ क्रमांकाचा नियम लागू झाला. १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी असे कायदे केले. पुढील अभ्यासांत योग्य आसनामुळे मोटारीतील एक वर्षाखालील बालकांचा मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, तर एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो, असे आढळले.

भारतातील वाटचाल

भारतात हा प्रश्न उशिरा आला, कारण कौटुंबिक मोटारच उशिरा आली. दीर्घकाळ मध्यमवर्गाचे वाहन स्कूटर हे होते. पुण्याच्या बजाज कंपनीची १९७२ साली आलेली 'चेतक' महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबांची पहिली गाडी ठरली. मोठे मूल पुढे फळीवर उभे, तान्हे मागे एका अंगाने बसलेल्या आईच्या मांडीवर, हे दृश्य दोन पिढ्यांच्या परिचयाचे आहे. १९८३ साली 'मारुती ८००' आली आणि चारचाकी आवाक्यात येऊ लागली, पण बसण्याची रीत स्कूटरवरचीच राहिली.

१९९३ मधील नियमदुरुस्तीने पुढील आसनांवर पट्टे बसविणे उत्पादकांना १९९४ पासून बंधनकारक झाले. लहान इंजिनाच्या तीनचाकी वाहनांना त्यातून वगळण्यात आले. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने २००९ साली 'ए.आय.एस. ०७२' हे बालआसनांचे भारतीय मानक प्रसिद्ध केले. म्हणजे मानक महाराष्ट्रातच सिद्ध झाले, परंतु वापराची सक्ती येण्यास आणखी दहा वर्षे गेली. मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम २०१९ मधील कलम १९४-ब अन्वये चौदा वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्टा अथवा बालआसनाशिवाय नेणाऱ्यास १,००० रुपये दंडाची तरतूद झाली. फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने दुचाकीवरील नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी सुरक्षा पट्टे, शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा विहित केली. ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या 'भारत एनकॅप' चाचणीत मुलांच्या सुरक्षेचे स्वतंत्र गुणांकन होते.

या क्रमात एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. २०२१ पासून नव्या मोटारींत चालकाशेजारील आसनासाठीही एअरबॅग सक्तीची झाली. ही सुधारणा प्रौढांसाठी जीवदायी आहे, मात्र पुढे बसलेल्या आईच्या मांडीवरील बाळासाठी, किंवा तेथे मागे तोंड करून ठेवलेल्या आसनातील बाळासाठी, तीच जीवघेणी ठरू शकते. अमेरिकेत १९९० च्या दशकात किरकोळ धडकांतही अशा प्रकारे बालके दगावली, तेव्हा कोठे हा धोका सर्वमान्य झाला.

भिवंडीचा संदर्भ

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे सात लाख होती. मुंबई–आग्रा महामार्ग शहराला लागून जातो. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर असल्याने आणि महामार्गाच्या सान्निध्यामुळे राहनाळ, पूर्णा, दापोडे या परिसरात गोदामांची वसाहत उभी राहिली, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावरही ती वाढतच राहिली. ऑनलाइन खरेदीचा माल येथून महानगरात जातो. शहरी घरांत पोहोचणारी बाळांची आसनेही याच व्यापाराचा भाग होत. स्थानिक कुटुंबाचे तान्हे मूल मात्र बहुधा रिक्षात, दुचाकीवर किंवा नातलगाच्या मोटारीत मांडीवर बसून प्रवास करते.

येथील रस्त्यांचे स्वरूप फसवे आहे. कल्याण नाका, अंजूरफाटा येथे वाहने मुंगीच्या पावलाने सरकतात, त्यामुळे वेगच नाही तर आसन कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तीच गाडी काही मिनिटांत माणकोली किंवा राजनोली येथे महामार्गास लागते आणि भरधाव कंटेनरांच्या रांगेत येते. ठाण्याचे रुग्णालय, वज्रेश्वरीचे दर्शन, नाशिककडील आजोळ, यांपैकी कोणताही प्रवास या दोन गतींना एकत्र जोडतो. आसन नाक्यावर आल्यावर बसविता येत नाही. ते घरातून निघतानाच हवे.

रिक्षाचा प्रश्न वेगळा आहे. २०१९ ची तरतूद पट्टा असलेल्या वाहनातच पाळता येते आणि २०२२ ची अधिसूचना दुचाकीपुरती आहे. भिवंडीत बाळांच्या नित्याच्या प्रवासाचे साधन असलेली रिक्षा या दोहोंच्या मधल्या जागेत राहते. तेथे पट्टाही नाही आणि आसन बांधण्याची सोयही नाही. अधिक धोकादायक प्रवास अशा रीतीने अधिक गरीब कुटुंबाच्या वाट्याला येतो.

इतिहासातून सिद्ध झालेली पद्धती

निवड व मांडणीचे आजचे नियम वरील अनुभवांतूनच आले आहेत. आसन मुलाचे वजन व उंची पाहून निवडावे. वय हा केवळ अंदाज होय. प्रमाणित असल्याची खूण त्यावर असावी. अपघातात सापडलेले किंवा पूर्वेतिहास ठाऊक नसलेले जुने आसन टाळावे. ते मागील आसनावरच बसवावे. युरोपातील २०१३ चा नियम किमान पंधरा महिन्यांपर्यंत मागे तोंड ठेवण्यास सांगतो, तर अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ मध्ये आसनाची मर्यादा संपेपर्यंत तसेच ठेवण्याची शिफारस केली. तान्ह्यासाठी आसन पुरेसे कललेले हवे, अन्यथा हनुवटी छातीवर टेकून श्वास कोंडू शकतो. मागे तोंड असताना खांद्यावरील पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खाली, तर पुढे तोंड असताना पातळीवर किंवा किंचित वर असावेत. ते इतके घट्ट असावेत की बोटांच्या चिमटीत पट्ट्याची घडी येऊ नये. दुपटे पट्ट्यांच्या आत न गुंडाळता वरून पांघरावे. बसविलेले आसन पट्टा जातो त्या ठिकाणी धरून हलविल्यास अडीच सेंटिमीटरहून अधिक सरकू नये. उन्हात उभ्या गाडीतील धातूची कडी बाळाला बसविण्यापूर्वी हाताने तपासावी. वाहतूक कोंडीत प्रवास लांबला तर अधूनमधून थांबून बाळाला बाहेर घ्यावे.

निष्कर्ष

बालआसनाचा इतिहास तीन गोष्टी दाखवितो. पहिली, वस्तू उपलब्ध होणे आणि ती वापरात येणे यांत पिढीचे अंतर असते. दुसरी, कायदा लोकसमजाच्या पुढे गेला तरी तो समज सवलतीच्या रूपाने परत येऊ शकतो. टेनेसीतील 'हातातील बाळ' आणि भिवंडीतील 'जवळच तर जायचे आहे' ही एकाच वृत्तीची दोन रूपे होत. तिसरी, हा बदल टेनेसीत वाहतूक खात्याने नव्हे तर एका बालरोगतज्ज्ञाने घडवून आणला. भिवंडीतही त्याचा आरंभ चौकातील दंडाच्या पावतीपेक्षा प्रसूतिगृहाच्या दारात अधिक परिणामकारक होईल. बाळाचा पहिला प्रवास तेथूनच सुरू होतो, आणि त्या वेळी आई-वडील, आजी आणि डॉक्टर एकत्र असतात. तेथे आसन तात्पुरते वापरण्यास मिळण्याची व्यवस्था झाल्यास किमतीचा अडसर कमी होईल. रिक्षातील बाळाचा प्रश्न मात्र वाहनाच्या रचनेत बदल झाल्याविना सुटणार नाही, व त्याची जबाबदारी आईच्या हातांवर सोडता येणार नाही. मांडीचे स्थान बाळाच्या आयुष्यात अढळ आहे. धावत्या वाहनात मात्र बाळाला स्वतःची जागा देणे, हेच त्या मायेचे आजचे कर्तव्य होय.