पशुखाद्यातील बुरशीच्या विषावर जिवाणूंचा उतारा

पनवेल परिसरात पावसाळ्याच्या दमट हवेत गोठ्यात किंवा पोल्ट्रीत साठविलेल्या मक्याला व शेंगदाणा पेंडीला बुरशी धरण्यास वेळ लागत नाही. त्यातील ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये ब्राझीलची शेंगदाणा पेंड खाऊन सुमारे १ लाख टर्की पक्षी दगावले. त्याच तपासातून हे विष उघडकीस आले. बुरशी झटकली वा पेंड उकळली तरी ते उरतेच. गाईम्हशींच्या पोटातून त्याचे ‘एम-१’ हे रूप दुधात उतरते. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या देशव्यापी पाहणीत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी १२ भेसळयुक्त निघाले, तर अफ्लाटॉक्सिनची मर्यादा ओलांडणारे ३६८! चर्चा मात्र भेसळीचीच होते.

यावर उपाय म्हणून लॅक्टोबॅसिलस गटातील उपकारक जिवाणूंकडे पाहिले जाते. फिनलंडमधील कुओपिओ विद्यापीठाच्या प्रयोगांत ‘ऱ्हाम्नोसस’ जातीच्या जिवाणूंनी द्रावणातील सुमारे ८० टक्के अफ्लाटॉक्सिन आपल्या पेशीभित्तिकेला चिकटवून घेतले. उष्णतेने मारलेले जिवाणूही हे काम करतात. म्हणजे विष पचविले जात नाही, केवळ धरून ठेवले जाते. शेणावाटे ते बाहेर पडावे, ही अपेक्षा. पण ही पकड सैल असते. धुतल्यावर काही विष पुन्हा सुटते.

विषाचे रेणू मोडणारे जिवाणूही आहेत. युरोपीय संघाने २०१३ मध्ये डुकरांच्या खाद्यासाठी असा एक जिवाणू मान्य केला. मात्र तो ट्रायकोथेसिन या वेगळ्या गटातील विषांवरचा आहे. त्यामुळे ‘विषनाशक’ पुडी घेताना ती कोणत्या विषावरची, हे पशुपालकाने विचारलेच पाहिजे. पेंडीची पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर कोरडी ठेवणे कोणत्याही पुडीने चुकत नाही.