लहरी अडविणारी पिशवी

जप्त केलेला मोबाइल ठाण्यातील कपाटात कुलूपबंद झाला की पुरावा सुरक्षित झाला, हा समज अनेक ठिकाणच्या पोलिसांना महागात पडला आहे. ब्रिटनमधील डॉर्सेट पोलिसांच्या ताब्यात असलेल्या सहा उपकरणांमधील माहिती एका वर्षात दूरवरून पुसली गेल्याचे वृत्त बीबीसीने २०१४ मध्ये दिले होते. फोन चोरीला गेल्यास त्यातील माहिती चोराच्या हाती पडू नये, म्हणून कंपन्यांनी मालकाला जी सोय दिली तीच येथे पुरावा नष्ट करण्याच्या कामी आली. त्यासाठी कपाट फोडण्याची गरज नव्हती. फोन सुरू होता आणि नेटवर्कमध्ये होता, एवढे पुरेसे ठरले.

यावरील उपाय म्हणजे आतून धातूमिश्रित कापडाचे अस्तर असलेली, तोंड दुमडून घट्ट बंद करता येणारी एक पिशवी. तिला ‘फॅरेडे बॅग’ म्हणतात. मायकेल फॅरेडे या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फूट लांबी-रुंदी-उंचीचा लाकडी सांगाडा उभारून तो तांब्याची तार आणि कथिलाचा पत्रा यांनी मढविला. यंत्राच्या साह्याने तो विद्युतभारित केला आणि स्वतः आत जाऊन उपकरणांनी तपासणी केली. बाहेर ठिणग्या उडत असताना आत विजेचा मागमूसही नव्हता. वाहक धातूतील विद्युतभार अशा रीतीने सरकतात, की बाहेरचा परिणाम आत पोहोचण्यापूर्वीच रद्द होतो. रेडिओलहरींचा शोध तेव्हा लागायचा होता; मात्र पुढे त्यांनाही हेच तत्त्व लागू पडले. लिफ्टचे दार बंद होताच बोलणे तुटते ते बहुधा याच कारणाने.

पिशवी निवडताना कापडापेक्षा तिचे तोंड अधिक पारखावे. वाय-फाय आणि ब्लूटूथ ज्या २४०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, तेथील लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर असते. तिच्या तुलनेत अगदी बारीक असलेली छिद्रे चालतात, म्हणूनच मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारावरील जाळीतून आतले दिसते, पण लहरी बाहेर येत नाहीत. लांबट फट मात्र घातक असते, मग ती केसाएवढी अरुंद का असेना. धातूतून वाहणारा प्रवाह तेथे खंडित होतो आणि फटीतून लहरी निसटतात. स्वयंपाकघरातील स्टीलच्या डब्यात फोन ठेवून झाकण लावले तरी अनेकदा तो खणखणतो, याचे कारण झाकण आणि डबा यांतील ही न दिसणारी फट. चांगल्या पिशवीचे तोंड दोन-तीन वेळा दुमडावे लागते, ते याचसाठी.

किती अडथळा पुरेसा, हे जागेवर अवलंबून असते. ध्वनिप्रदूषणामुळे परिचित झालेले डेसिबल हे माप येथेही वापरतात. ६० डेसिबलचा अडथळा म्हणजे लहरीची शक्ती दहा लाखांश उरणे. ऐकताना हे भरपूर वाटते. परंतु मोबाइल अत्यंत क्षीण लहरीही टिपतो. त्यामुळे तळमजल्याच्या खोलीत निर्दोष ठरलेली पिशवी टॉवरसमोरच्या गच्चीवर हार खाऊ शकते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रायली विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात या पिशवीची दखल घेतली. वॉरंट मिळेपर्यंत फोनमधील माहिती पुसली जाईल, म्हणून अटकेच्या वेळीच तो तपासू द्यावा, असा सरकारपक्षाचा एक युक्तिवाद होता. त्याला उत्तर देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी या स्वस्त आणि हलक्या पिशवीकडे बोट दाखविले. फोन तिच्यात ठेवा आणि वॉरंट आणा, असा निकालाचा आशय होता. नागरिकाच्या खासगीपणाला आधार ठरलेल्या या निकालात इतक्या किरकोळ वस्तूचा वाटा असावा, ही गंमतच.

पिशवीत टाकलेला फोन गप्प बसत नाही. टॉवर सापडेना म्हणून तो पुन्हा पुन्हा शोध घेतो आणि बॅटरी लवकर संपते. बंद पडून पुन्हा सुरू झालेला फोन पासवर्डशिवाय वाचणे अधिक कठीण असते. म्हणून पिशवीत पॉवर बँकही ठेवतात. चार्जरची साधी वायर पिशवीच्या तोंडातून आत घेणे ही मोठी चूक ठरेल, कारण तीच वायर अँटेनाचे काम करून लहरी आत नेते.

भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात ‘हॅश’ मूल्य, म्हणजे त्या माहितीची गणिती ओळखखूण, नोंदवावे लागते. ही खूण पुढील फेरफार उघड करते. ती काढण्यापूर्वी झालेल्या बदलांवर मात्र तिचा इलाज नाही. जप्तीनंतर फोन नेटवर्कमध्ये राहिला, तर त्यात नवे संदेश येतात, जुने हटविले जाऊ शकतात. लहरींपासून तो वेगळा ठेवण्यात म्हणूनच तपास अधिकाऱ्याइतकेच आरोपीचेही हित आहे.

खासगी वापरासाठी पिशवी घेणाऱ्यांच्या अपेक्षा काहीशा अवास्तव असतात. बंद पिशवीतील फोनचा माग त्या काळापुरता लागत नाही, हे खरे. परंतु तो शेवटी कोणत्या टॉवरच्या हद्दीत होता, ही नोंद कंपनीकडे राहतेच. मायक्रोफोनही बंद होत नाही. फोनमध्ये हेरगिरीचे सॉफ्टवेअर शिरले असेल, तर ते आतल्या आत ध्वनिमुद्रण करू शकते आणि पिशवी उघडताच ते धाडून देऊ शकते.

सामान्य ग्राहकाला खरा उपयोग मोटारीच्या चावीसाठी होऊ शकतो. चावी खिशात असताना दार उघडणाऱ्या गाड्यांमध्ये गाडी आणि चावी यांचा लहरींद्वारे संवाद चालतो. एक चोर घराच्या दाराशी आणि दुसरा गाडीपाशी यंत्र घेऊन उभा राहिला, की हा संवाद लांबविता येतो आणि चावी जवळच असल्याची गाडीची समजूत होते. झुरिचच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलवर हे सिद्ध केले. इंग्लंडमधील सोलिहल येथे मर्सिडीज अशाच प्रकारे चोरीला गेल्याचे चित्रण वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. ते काम जेमतेम मिनिटभराचे होते. रात्री चावी पिशवीत ठेवल्यास ही साखळी तुटते. बँकेच्या कार्डासाठी विकल्या जाणाऱ्या पाकिटांची मात्र फारशी निकड दिसत नाही, कारण ही कार्डे काही सेंटीमीटरच्या अंतरातच वाचली जातात.

पिशवी आणि जॅमर यांत गल्लत करू नये. जॅमर स्वतः लहरी सोडून इतरांचेही संभाषण बिघडवितो. सरकारी परवानगीविना त्याचा वापर बेकायदा असल्याचे दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये स्पष्ट केले होते. पिशवी काहीच प्रक्षेपित करत नाही.

विकत घेतलेली पिशवी घरीच तपासता येते. फोन आत ठेवून तोंड नीट दुमडावे आणि दुसऱ्या फोनवरून त्यावर कॉल करावा. रिंग वाजू नये. मग ब्लूटूथच्या स्पीकरवर गाणे लावून फोन आत टाकावा. गाणे थांबले पाहिजे. ही तपासणी खिडकीजवळ, जेथे नेटवर्क भरपूर आहे अशा ठिकाणी करावी आणि काही महिन्यांनी पुन्हा करावी, कारण रोजच्या घड्यांनी कापडावरील धातूचा थर झिजतो आणि ते वरून दिसत नाही.