कोस मिनार : मुघल राजमार्गावरील मैलस्तंभांची तुटलेली साखळी

लंडनच्या सदर्क भागात सेंट जॉर्जेस सर्कस नावाचा चौक आहे. त्याच्या मध्यभागी, वाहनांच्या गराड्यात, वर निमुळता होत गेलेला एक दगडी स्तंभ उभा आहे. १७७१ साली उभारलेल्या या स्तंभावर वेस्टमिन्स्टरचे पॅलेस यार्ड एक मैल, लंडन ब्रिज एक मैल ४० फूट आणि फ्लीट स्ट्रीट एक मैल ३५० फूट अशी अंतरे कोरलेली आहेत. १९०५ मध्ये तो तेथून हलवून जवळच, आज इम्पीरियल वॉर म्युझियम आहे त्या परिसरात नेण्यात आला. अक्षरे तीच राहिली, पण नव्या जागी ती खोटी ठरली. विसाव्या शतकाच्या अखेरीस स्तंभ मूळ चौकात परत आला, तेव्हा त्यावरील मजकूर पुन्हा खरा झाला.

लंडनमधील मराठी माणसाला भारतातील कोस मिनार समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात या चौकापासून करण्यास हरकत नाही. अंतर दाखवणाऱ्या वास्तूचे मोल तिच्या जागेत असते. कोस मिनारांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच खरी आहे, कारण त्यांच्यावर सहसा कोणतेही अंतर कोरलेले नसते. एका मिनारापासून पुढचा मिनार म्हणजे एक कोस, एवढीच त्याची भाषा. मधला एक पडला की ती भाषा अडखळते.

कोस मिनार म्हणजे विटा व चुन्यात बांधलेला सुमारे ३० फूट उंचीचा भरीव मनोरा. खालचा भाग अष्टकोनी आणि वरचा निमुळता, गोलाकार. कुतुबमिनारासारखी नक्षी त्यावर नाही आणि आत जिनाही नाही. त्यामुळे वर चढून नगारे वाजवले जात व निरोप पुढे धाडले जात, असे कोणी सांगितले तर ते जपूनच ऐकावे. घोडेस्वाराला, काफिल्याला आणि डाक नेणाऱ्या हरकाऱ्याला दुरून दिसावे, वाट चुकू नये आणि किती अंतर कापले ते कळावे, हे त्याचे काम होते.

या मिनारांचे श्रेय सरसकट शेरशहा सूर याला देण्याची प्रथा आहे. शेरशहाने रस्ते, सराया आणि सावलीची झाडे यांवर मोठे काम केले, यात शंका नाही. मनोऱ्यांची कल्पना मात्र त्याच्याही आधीची आहे. १५२८ च्या डिसेंबरात बाबराने आग्रा ते काबूल हे अंतर मोजण्याचा आणि दर नऊ कोसांवर एक मिनार बांधण्याचा हुकूम दिला, अशी नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. शिवाय दर अठरा कोसांवर डाकेचे घोडे ठेवायचे होते. अकबराने आग्रा-अजमेर मार्गावर दर कोसाला मिनार उभारले आणि त्यांवर शिकारीतील हरणांची शिंगे बसवली. बदायुनी या अकबराच्या टीकाकार इतिहासकाराने शिंगांच्या या हौसेची दखल घेतली आहे. पुढे १६१९ मध्ये जहांगिराने आग्रा ते लाहोर या वाटेवर दर कोसाला एक मिनार आणि दर तीन कोसांवर एक विहीर असावी, अशी आज्ञा केली. आज हरियाणात दिसणाऱ्या मिनारांच्या रांगेमागे मुख्यतः ही आज्ञा आहे.

कोस हा शब्द मराठीला परका नाही. मूळ संस्कृत ‘क्रोश’ म्हणजे हाक, आणि हाक जिथवर ऐकू जाते ते अंतर. अर्थातच प्रदेशागणिक ते बदलत असे. महाराष्ट्रातील जुनी माणसे कोस म्हणजे दोन मैल धरत. अकबराने सरकारी कोस पाच हजार इलाही गजांचा ठरवला, तो आजच्या हिशेबाने सव्वाचार किलोमीटरला किंचित कमी, म्हणजे साधारण २.६ मैल भरतो. आजीच्या गोष्टीतला कोस आणि मुघल राजमार्गावरचा कोस एकच समजून कोणी अंतराचे गणित मांडले तर ते चुकेल.

या रस्त्याशी ब्रिटनचा संबंध जुना आहे. सॉमरसेटमधील ऑडकम गावचा टॉमस कोरियट हा भटक्या लेखक १६१५ मध्ये पायी भारतात पोहोचला आणि लाहोर-आग्रा रस्त्याच्या दुतर्फा असलेल्या झाडांच्या रांगांनी भारावून गेला. त्याच वर्षी भारतात आलेला राजदूत सर टॉमस रो १६१९ मध्ये मायदेशी परतला. त्याने दिलेल्या माहितीवरून विल्यम बॅफिनने केलेल्या नकाशात ही वृक्षांची दुहेरी रांग काढलेली दिसते. नकाशा प्रसिद्ध झाला तेही १६१९ मध्येच, म्हणजे जहांगिराच्या आज्ञेच्याच वर्षी. त्या काळी इंग्लंडच्या रस्त्यांवर ओळीने मैलाचे दगड नव्हते. रोमनांनंतरची पहिली व्यवस्थित मालिका केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉल महाविद्यालयाने १७२७ च्या सुमारास लावण्यास घेतली, आणि टोलरस्त्यांवर मैलाचे दगड सर्वत्र बंधनकारक झाले ते १७६७ च्या कायद्याने.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या वाटेचा सर्वांत जिव्हारी लागणारा भाग म्हणजे दिल्ली ते कर्नाल. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंच्या फौजेने दिल्ली घेतली. ऑक्टोबरात ती उत्तरेकडे सरकली आणि १७ तारखेला कर्नालजवळचे कुंजपुरा पडले. अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून आल्यावर ती मागे वळून पानिपताला आली. १४ जानेवारी १७६१ पर्यंतचा हा सारा वावर याच राजमार्गाच्या पट्ट्यात झाला. तेव्हा जहांगिराचे मिनार सुमारे एकशे चाळीस वर्षांचे होते. दिल्ली ते पानिपत हे अंतर आजच्या मोजणीने ९० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे अकबरी कोसाने एकवीस-बावीस मिनारांची वाट. पानिपतातील काला आंब स्मारकाला भेट देणारे मराठी कुटुंब राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून जाते, तेव्हा युद्ध प्रत्यक्ष पाहिलेल्या मोजक्या वास्तूंपैकी काही सोनीपत, पानिपत आणि कर्नाल जिल्ह्यांत त्या रस्त्याच्या आजूबाजूला उभ्या असतात. गाडी मात्र क्वचितच थांबते.

जुना रस्ता आणि नवा महामार्ग सर्वत्र एकच नाहीत. म्हणून काही मिनार शेतात, काही वस्तीत, काही रेल्वेमार्गालगत दिसतात. एकाकी वाटणारा असा मिनार खरे तर हरवलेल्या रस्त्याची खूण असतो. दोन मिनारांमधून सरळ रेष ओढली की मुघल काळची वाट नकाशावर उमटते. फाळणीने ही रेष आणखी तुटली. लाहोरच्या गढी शाहू भागातील मिनार याच साखळीचा, पण तो आता दुसऱ्या देशात आहे.

भारतात यांतील बरेच मिनार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत आणि कायद्याने त्यांना भक्कम कवच आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरवर नियंत्रण आहे. नियम कागदावर उत्तम, पण ताजमहालासाठी आणि तीस फुटी विटांच्या मनोऱ्यासाठी तो एकच आहे. वाढत्या शहरात अशा मनोऱ्याभोवतीच्या जमिनीचा मालक त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, हे सांगायला नको. मार्च २०२४ मध्ये सर्वेक्षणाने १८ स्मारके यादीतून वगळण्याची सूचना काढली. हरियाणातील मुजेसर गावचा ‘कोस मिनार क्रमांक १३’ त्यांत होता. तो जागेवर सापडलाच नव्हता. फरीदाबादमधील त्या गावाचे नाव दिल्ली मेट्रोच्या व्हायोलेट मार्गावरील एका स्थानकाला आहे. स्थानक नकाशावर आहे, मिनार नाही.

ब्रिटनचे चित्र निर्दोष होते असे नाही. १९४० मध्ये जर्मन सैन्य उतरलेच तर त्याला वाट सापडू नये म्हणून मैलाचे दगड उपटले, पुरले किंवा त्यांवरील अक्षरे मिटवली गेली आणि काही पुन्हा कधीच उभे राहिले नाहीत. तथापि २००१ मध्ये स्थापन झालेल्या माइलस्टोन सोसायटीचे स्वयंसेवक उरलेल्या दगडांची एकेक करून नोंद करतात, कुंपणात दडलेले शोधतात, रंग देतात. अनेक दगड संरक्षित वास्तूंच्या यादीतही आहेत. कोस मिनारांसाठी मालिका म्हणून असे कोणी गावोगाव फिरले, तर क्रमांक १३ नंतर आणखी एखादा गमावल्याची बातमी यादीतून कळण्याची वेळ येणार नाही.

सुटीत भारतात जाणाऱ्यांना सर्वांत सोयीचा मिनार दिल्लीच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात, पुराना किल्ल्याच्या शेजारी आहे. प्राणिसंग्रहालय शुक्रवारी बंद असते. मथुरा रस्त्याच्या बाजूने गेल्यास तेथे पोहोचणे सोपे. पानिपतकडे जाणाऱ्यांनी हिवाळा निवडावा, पण डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात पहाटे निघू नये. महामार्गावर एखादा मिनार दिसला की गाडीच्या मीटरवरचा आकडा टिपून ठेवावा आणि चार किलोमीटर पुढे जाऊन आजूबाजूला पाहावे. कधी पुढचा मिनार एखाद्या घरामागून डोके काढतो, कधी नुसते शेत दिसते. तिथल्या वयस्कर माणसाला विचारले, तर तो कुठे होता ते हात करून दाखवणारे अजून भेटू शकतात.