शर्यतीच्या मोटारीतला माणूस

एस. टी.च्या जुन्या गाड्यांतून ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांना चालकाच्या डाव्या हाताशी असलेला एंजिनाचा तो उंचवटा चांगला आठवत असेल. त्यावर एखादी गोधडी नाहीतर तरटाची घडी टाकलेली असे. घाट चढताना चालकाचा डावा पाय शेकून निघे, आणि कंडक्टरला दोन शब्द बोलायचे तर ओरडावे लागे. ती गोधडी कोणा एंजिनिअराने सुचवलेली नव्हती. पाय ज्याचा भाजतो त्यालाच उपाय आधी सुचतो! आज आपण ज्या गाडीची हकीकत ऐकणार आहोत ती दिसायला एस. टी.हून अगदी निराळी. बुटकी, हलकी, दोनच माणसांची आणि वाऱ्याशी स्पर्धा करणारी अशी ती स्पोर्ट्स कार. पण आत बसणाऱ्याचे दुःख मात्र तेच: ऊन आणि आवाज.

१६ जानेवारी १९५५ चा दिवस घ्या. दक्षिण गोलार्धात जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. अर्जेंटिनाची राजधानी ब्यूनस आयर्स येथे मोटारींची मोठी शर्यत होती. एकेक चालक उन्हाने हैराण होऊन गाडीबाहेर येऊ लागला. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर आलेल्या गाड्या प्रत्येकी तीन चालकांनी आळीपाळीने चालवल्या होत्या. तीन तासांची ही शर्यत एकट्याने पुरी करणारे दोघेच निघाले, आणि दोघेही त्याच देशाचे: हुआन मान्युएल फांजिओ आणि रॉबेर्तो मिएरेस. फांजिओ मर्सिडीजवर पहिला आला. पण गाडीच्या सांगाड्याची एक नळी तापून त्याच्या पायाला भिडत होती. पाय भाजला, आणि त्या भाजण्याची खूण त्याच्या अंगावर राहिली.

आता कोणी विचारील, एवढ्या हुशार कारखान्याने पायापाशी चार बोटे जाडीचे काही अस्तर का घातले नाही? उत्तर एका शब्दात आहे: वजन. शर्यतीच्या गाडीत प्रत्येक शेर-छटाक मोजला जातो. वजन वाढले की वेग घटला, ब्रेकवर ताण आला, टायर झिजले. तेव्हा कारागीर गाडीतून काढता येईल ते सारे काढीत गेले. काढता न येणारी एकच वस्तू उरली, ती म्हणजे माणूस. मग सोसायचे त्याने!

त्याच वर्षी त्याच कारखान्याने शर्यतीच्या त्या यंत्रावरून दोन माणसांची एक स्पोर्ट्स कार तयार केली होती. तिचे नाव ३०० एसएलआर. १ मे १९५५ रोजी इटलीत ब्रेशा ते रोम आणि परत ब्रेशा अशी सुमारे सोळाशे किलोमीटरांची शर्यत झाली. गाडी चालवीत होता इंग्लंडचा स्टर्लिंग मॉस, आणि शेजारी वाट सांगायला बसला होता डेनिस जेंकिन्सन हा पत्रकार. वळणांच्या नोंदी त्याने सुमारे १८ फूट लांबीच्या कागदाच्या गुंडाळीवर लिहून घेतल्या होत्या. पण त्या सांगायच्या कशा? कानाला लावून बोलायचे यंत्र त्यांनी आधी वापरून पाहिले होते. पण भर वेगात मॉसचे चित्त रस्त्यात इतके गुंतलेले असे की, त्या दणदणाटात कानावर पडलेले शब्द मनापर्यंत पोचतच नसत. शेवटी दोघांनी हाताच्या खुणा ठरवल्या. दहा तास सात मिनिटे ते खुणांवर धावले आणि पहिले आले. वाटेत जेंकिन्सनला ओकारी झाली, आणि बाहेर वाकताच त्याचा चष्मा वाऱ्याने उडाला. सुदैवाने त्याने दुसरा जवळ ठेवला होता.

शर्यतीत असे चालून जाई. पण अशी गाडी सामान्य गिऱ्हाइकाला विकायची तर काय? मर्सिडीजची ३०० एसएल ही गाडी १९५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात आली. पक्ष्याच्या पंखांसारखी तिची दारे वर उघडत. लोक दारांकडे बघत राहिले, पण आत बसणाऱ्याला त्या दारांचा दुसरा गुण कळे. त्यांच्या काचा खाली करता येत नसत. फार तर काढून मागे ठेवता येत. उन्हाळ्यात आत भट्टी होई. १९५७ साली तिच्या जागी उघड्या टपाची गाडी आली, तेव्हा काचा खालीवर होऊ लागल्या.

आता हे ऊन आणि हा आवाज अडवायचा कसा, ते पाहू. उष्णता तीन वाटांनी येते हे आपल्या शाळेतली मुलेही सांगतील: पत्र्यातून वहन होऊन, तापलेल्या हवेबरोबर, आणि नुसत्या किरणांनी. चुलीसमोर हात धरला तर तो शेकतो ते मुख्यतः किरणांमुळे, आणि मध्ये सूप धरले की लगेच थांबते. धूर बाहेर टाकणारी नळी कित्येक शे अंशांपर्यंत तापते. तिच्यासमोर थोडे अंतर ठेवून चकचकीत पत्रा धरला की किरण परततात. मागे मोकळी हवा खेळती राहिली पाहिजे, नाहीतर तो पत्राच तापून दुसरी चूल होतो. वहनावर उपाय म्हणजे लोकरीचा किंवा तागाचा नमदा. त्याच्या तंतूंत अडकलेली हवा उष्णतेला सहजी पुढे जाऊ देत नाही. घोंगडीचे काम थंडीत असते तेच इथे, फक्त दिशा उलटी. आणि तापलेली हवा? ती फटींतून येते. नमदा कितीही जाड घाला, पेडलपाशी बोटभर भोक उघडे राहिले तर सारी मेहनत वाया गेली.

आवाजाचेही तसेच. आपल्या शाळेचा पितळी तास बघा. ठोका दिला की तो घणघणत राहतो. हाताने धरला की गप्प होतो. हाताने आवाज अडवला नाही, पितळेचे थरथरणे जिरवले. गाडीच्या पातळ पत्र्याला आतून डांबरी तक्ते चिकटवतात ते याचसाठी. सगळा पत्रा मढवण्याचेही कारण नसते. जिथे तो अधिक थरथरतो तिथे चिकटवले तरी पुष्कळ भागते. पण हवेतून येणारा आवाज थोपवायचा तर जड पडदाच हवा. पडद्याचे वजन दुप्पट केले तर आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. कानाला मात्र तो निम्मा वाटत नाही. निम्मा वाटायला सुमारे १० डेसिबल उतरावे लागतात. म्हणजे थोडी शांतता आणि पुष्कळ वजन! फिरून आपण त्याच प्रश्नापाशी आलो.

गिऱ्हाइकांनी या प्रश्नाचे उत्तर काय दिले तेही मौजेचे आहे. पोर्शे कारखान्याने १९७२ च्या अखेरीस ९११ कॅरेरा आरएस २.७ ही गाडी काढली. एक प्रकार उघडावाघडा, अस्तरे काढलेला. दुसरा गालिचे आणि अस्तरे असलेला, शंभर किलोहून थोडा अधिक जड. एकूण १,५८० गाड्या झाल्या. त्यांपैकी जड, सुखाच्या गाड्या १,३०० हून अधिक, आणि हलक्या अवघ्या २००. शर्यतीच्या गाडीचे नाव सर्वांना हवे होते, दणदणाट थोड्यांनाच!

पण या हकीकतीत एक काळे पान आहे. उष्णता अडवायला अनेक वर्षे सर्वांत सोपी वस्तू म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस. जळत नाही, स्वस्त, तंतुमय. मोटारींत त्याचे पुठ्ठे आणि पट्ट्या सर्रास वापरल्या गेल्या. गाडीत बसणाऱ्याचा पाय वाचला. पण तो तंतू कातणाऱ्यांचे काय? इंग्लंडात रॉचडेल येथे नेली कर्शॉ नावाची बाई अ‍ॅस्बेस्टॉसच्या गिरणीत काम करी. फुप्फुसांत ती धूळ साचून १९२४ साली, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, ती वारली. डॉक्टरांनी कारण लिहून ठेवले. १९३१ साली तिथे धुळीविषयी नियमही झाले. तरी वापर वाढतच गेला, आणि ब्रिटनमध्ये संपूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडले. हा रोग वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. एखादी जुनी गाडी दुरुस्तीला उघडली आणि आत राखाडी तंतूंचा पुठ्ठा दिसला, तर तो खरवडू नये की झटकू नये. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांतही हाच तंतू वापरला गेला आहे. ते फोडणे, घासणे, कापणे टाळावे, हे शिक्षक मंडळींनी मुलांना अवश्य सांगावे.

पुढे काचतंतू, फेस भरलेले रबर, अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे आले. १९९२ साली इंग्लंडात मॅक्लॅरन एफ१ गाडी निघाली. गॉर्डन मरे हा तिचा रचनाकार वजनाचा मोठा कंजूष. पण एंजिनाच्या खोलीला त्याने चक्क सोन्याचा वर्ख लावला! कारण सोने उष्णतेचे किरण फार चांगले परतवते आणि वर्ख असल्यामुळे भार जवळजवळ नाहीच. सगळे मिळून सोने सुमारे १६ ग्रॅम.

तरटापासून सोन्यापर्यंतचा हा प्रवास. चालक हाही यंत्राचाच एक भाग आहे, तो थकला, भाजला वा बहिरा झाला तर एंजिनाच्या ताकदीचा उपयोग नाही, ही गोष्ट शिकायला मोठमोठ्या कारखान्यांना एवढी वर्षे लागली. आणि ज्या हातांनी ते अस्तर कातले, कापले, चिकटवले, तेही त्याच हिशेबात धरले पाहिजेत, हे शिकायला त्याहूनही अधिक.

उद्या शाळेत तास वाजला की एखाद्या मुलाला तो हाताने धरायला सांगा. घणघण थांबेल. मग त्यालाच विचारा, आवाज गेला कुठे? या साऱ्या शास्त्राची सुरुवात त्या प्रश्नातच आहे.