उभ्याने सुकलेला साग

रत्नागिरीत जुन्या घराचं दार दाखवताना आजही कुणी ना कुणी ‘अस्सल बर्मा टीक हो!’ म्हणतंच. आमची लाकडाची वखार होती, त्यामुळे या ‘अस्सल’पैकी कितीसा साग बर्मातून आला असेल याचा मला अंदाज आहे. खऱ्या बर्मा सागाची कुळकथा मात्र ऐकण्यासारखी आहे.

१८५६ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रिटिश बर्मातल्या पेगूच्या जंगलांचा कारभार बघायला आला. हत्तीवर बसून तो रान पालथं घालायचा. हातात बांबूचे तुकडे, एकेका घेराच्या झाडासाठी एकेक. साग दिसला की त्या तुकड्यावर चाकूने खाच. या मोजणीतून जी पद्धत रुजली तिच्यात साधारण सात फूट घेराचं झालेलं झाडच तोडायचं, आणि त्या टापूत पुन्हा कुऱ्हाड न्यायची ती ३० वर्षांनी.

ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून निवडलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती गाभ्यापर्यंत खाच घ्यायची. झाड उभ्या उभ्या मरायचं, दोन-तीन वर्षं तिथंच सुकायचं, मग तोड. ओंडक्याच्या टोकाला भोक पाडून साखळी ओवायची आणि हत्तीने तो ओढ्यापर्यंत ओढायचा. रस्ता कापावा लागत नसे, त्यामुळे उताराची माती आणि आजूबाजूची रोपं बरीचशी वाचत. उन्हाळाभर हत्तींना सुट्टी. एरवी काम आटोपलं की पुढचे पाय साखळीने अडकवून, गळ्यात लाकडी घंटा बांधून त्यांना रानात चरायला सोडत. सकाळी माहूत माग काढत जाई. रानाला हे सोसायचं. हत्तीचं विचारू नका. रानटी हत्ती माणसाळवताना त्याचे जे हाल करत, ते वाचवत नाहीत.

पावसाळ्यात लोंढा आला की ओंडके नदीला लागत, पुढे तराफे बांधून रंगूनला. त्यात वर्षं जात.

पैशाला एवढा धीर कुठला! मुंबईत १८६३ साली निघालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन बर्माच्या थिबा राजाच्या मुलखातही साग तोडत होती. ओंडके कमी दाखवून कर बुडवल्याचा ठपका ठेवून त्याच्या मंडालेच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला जबर दंड ठोठावला. फ्रेंचांच्या धास्तीने आधीच टपलेल्या इंग्रजांना आयतं निमित्त मिळालं. नोव्हेंबरात मंडाले पडलं. पुढच्या एप्रिलात राजा सहकुटुंब आमच्या रत्नागिरीत नजरकैदेत. आज आम्ही थिबा पॅलेस म्हणतो तो वाडा त्याला मिळायला १९१० उजाडलं, आणि १९१६ मध्ये तो वारला.

हत्ती पुढे शंभरहून अधिक वर्षं ओढतच राहिले. मग ठेकेदार आणि यंत्रं आली, रानं विरळ झाली, आणि २०१४ मध्ये म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली. तोड घटली तसे सरकारी हत्ती नि त्यांचे माहूत बिनकामाचे झाले. काही हत्तींना आता पर्यटकांपुढे उभं करतात.